प्रवास कोणासाठी लिहायचा?

गेली काही वर्षे आपल्या अंकासाठी आलेले लेख वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यांतले जवळजवळ निम्मे प्रवासवर्णनाचे असतात. सिंगापुरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते स्वाभाविकच म्हणायचे. इथून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला मलाक्क्यात असतो आणि दोन-अडीच तासांच्या विमानप्रवासात बालीला पोचतो. लेख मनापासून लिहिलेले असतात, भाषाही बहुधा नीट असते. पहाटे चारला टॅक्सी येते, मग विमान, हॉटेल, देवळे, समुद्रकिनारा, खरेदी, आणि शेवटी ‘आठवणींची शिदोरी घेऊन आम्ही परतलो’. ही शिदोरी मी आतापर्यंत इतक्या जणांच्या हाती पाहिली आहे की तिच्यात काय बांधलेले असते, हे एकदा उघडून पाहावेसे वाटते. कारण लेख वाचून बाजूला ठेवला की कुठला बालीचा आणि कुठला फुकेतचा, हे चार दिवसांनी मला सांगता येत नाही.

असे का होते? आपले लेखक काही कमी हुशार नाहीत. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी दोन जुन्या प्रवाशांकडे गेलो. दोघेही एकोणिसाव्या शतकातले. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. एक आपल्या कोकणातला भिक्षुक ब्राह्मण आणि दुसरा याच सिंगापुरात राहिलेला मुनशी. दोघेही हौसेने फिरायला निघाले नव्हते, आणि लेखक म्हणून नाव व्हावे म्हणून तर मुळीच नाही. तरीही दीड-पावणेदोनशे वर्षांनंतर त्यांचे लिहिणे हातातून खाली ठेववत नाही.

आधी इथल्या माणसाची गोष्ट सांगतो. अपर थॉमसन रोडच्या उत्तरेकडे शिक्षकांसाठी वसवलेली एक जुनी वसाहत आहे. तिथल्या रस्त्यांची नावे वाचत चालले तर वाङ्मयाचा वर्ग भरल्यासारखे वाटते. कालिदास ॲव्हेन्यू, टागोर ॲव्हेन्यू, इक्बाल, उमर खय्याम, चिनी कवी ली पो आणि तू फू. याच मंडळींत मुनशी अब्दुल्ला ॲव्हेन्यू आहे. २०१९ साली राफल्सच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली, तेव्हा नदीकाठी राफल्सच्या पुतळ्याच्या सोबतीला आणखी चार पुतळे उभे केले गेले. त्यांतला एक या अब्दुल्लाचा होता.

अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर हा मलाक्क्यात जन्मला. घराण्यात अरबी आणि तमिळ रक्त, बोलणे-लिहिणे मलायी. म्हणजे तोही आपल्यासारखाच, बाहेरून आलेल्या घरातला. मलाक्क्याच्या किल्ल्यातल्या हिंदुस्थानी शिपायांना तो मलायी शिकवी. ‘मुनशी’ ही पदवी त्याला त्या शिपायांकडूनच मिळाली आणि त्यांच्याकडून तो हिंदुस्थानी शिकला. पुढे राफल्सचा लेखनिक म्हणून त्याने काम केले. १८१९ मध्ये इंग्रजांनी सिंगापुरात ठाणे दिल्यावर पोटापाण्यासाठी तो इकडे आला. अर्ज लिहिणे, पत्रे लिहिणे, साहेबलोकांना भाषा शिकवणे हा त्याचा उद्योग.

१८३८ मध्ये त्याच्यावर एक कामगिरी आली. मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर केलांतानात राजघराण्यात लढाई जुंपली होती आणि सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचा माल तिकडे अडकून पडला होता. तो सोडवण्यासाठी तिथल्या राजाकडे पत्रे पोचवायची होती. जहाजे निघाली, त्यांवर अब्दुल्ला दुभाषी म्हणून गेला. वाटेत पाहांग लागले, तेरेंगानू लागले. समुद्रात चाच्यांची भीती, पुढे लढाईची भीती. परत आल्यावर त्याने हा सारा वृत्तान्त लिहिला आणि तो सिंगापुरातच छापला गेला. मलायी भाषेत त्यापूर्वी राजांच्या कथा होत्या, अद्भुत पराक्रम होते. पण एका सामान्य माणसाने ‘मी गेलो, मी पाहिले, मला भीती वाटली’ असे लिहिणे ही नवी गोष्ट होती.

त्याने काय टिपले पाहा. तेरेंगानूत पुरुष कंबरेला कट्यार लावून वर हातात चार-पाच भाले घेऊन हिंडतात, मग काम कधी करतात? राजवाड्यावरून जाताना छत्री उघडायची नाही, पायात जोडा घालायचा नाही, पिवळे वस्त्र नेसायचे नाही. राज्यकर्त्याने असल्या गोष्टींवर कायदे करावेत आणि गावातल्या घाणीकडे मात्र पाहू नये, याचा त्याला संताप येतो. मुले कुराण पाठ म्हणतात, पण स्वतःची मलायी भाषा त्यांना धड लिहिता-वाचता येत नाही, हीही त्याची तक्रार. (हे वाचताना रविवारच्या आपल्या मराठी वर्गाची आठवण कोणाला झाली, तर मी जबाबदार नाही.) इंग्रजांबद्दल त्याला फार कौतुक आणि मलायी राजांबद्दल फार राग, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी त्याच्यावर केली आहे आणि ती खोटी नाही. पण त्याचे मत पटो वा न पटो, त्या किनाऱ्यावर आपण त्याच्याबरोबर उतरतो.

हा वृत्तान्त वाचून इथल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील अल्फ्रेड नॉर्थ नावाच्या गृहस्थांनी अब्दुल्लाला सुचवले की आता स्वतःचे सबंध आयुष्यच लिहून काढ. काय घडले तेवढेच लिहू नकोस, तुझ्या मनाला काय वाटले तेही लिही. त्यातून १८४३ मध्ये ‘हिकायत अब्दुल्ला’ पुरे झाले आणि १८४९ मध्ये छापले गेले. सुरुवातीच्या सिंगापूरविषयी लिहिणारा कोणताही इतिहासकार या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. १८५४ मध्ये अब्दुल्ला हजच्या यात्रेला निघाला, त्याही प्रवासाची हकीकत त्याने लिहायला घेतली होती. तो प्रवासातच वारला आणि हकीकत अपुरी राहिली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, पेणजवळच्या वरसई गावातून विष्णुभट गोडसे घराबाहेर पडले. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांचा ‘माझा प्रवास’ शाळेत उताऱ्याच्या रूपाने वाचला असेल आणि परीक्षेनंतर विसरलाही असेल. तो उतारा म्हणून वाचण्याचा ग्रंथ नव्हे. घरात कर्ज झालेले. बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्च होणार आहेत, ब्राह्मणांना दक्षिणा मिळणार आहे. तेव्हा काकांना बरोबर घेऊन भटजी निघाले. हिंदुस्थानात लोक भांग पितात आणि तिकडच्या बायका परक्या माणसाला भुरळ घालतात, अशी घरच्यांना धास्ती. परदेशी निघालेल्या मुलाला आजही घरून जे सांगितले जाते, त्यात तपशील तेवढे बदलले आहेत.

यज्ञाला निघालेला हा माणूस महूजवळ पोचला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. पुढे झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. गावात शिरलेल्या सैन्याने कत्तल केली, ती त्याने लपून बसून अनुभवली. लूट कशी झाली, आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड आणि धान्य, हेही त्याने क्रमाने लिहून ठेवले. काल्पीच्या वाटेवर पहाटे विहिरीपाशी त्याला घोड्यावरून आलेली, धुळीने माखलेली राणी लक्ष्मीबाई भेटली. तहान लागलेली. भटजी पाणी शेंदून देऊ लागले, तर तिने ब्राह्मणाला ते कष्ट घेऊ दिले नाहीत. मडक्यातले पाणी ओंजळीने प्याली आणि गेली. राणीवर पोवाडे झाले, नाटके झाली. पण मातीच्या मडक्यातून पाणी पिणारी थकलेली राणी आपल्याला दाखवली ती या भिक्षुकानेच.

मिळालेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. शेवटी पैशांच्या ऐवजी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन भटजी घरी आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

आता या दोघांना शेजारी बसवून पाहू या. पहिली गोष्ट अशी की दोघांच्याही निघण्याला कारण होते आणि ते कारण वाचकाला पहिल्या पानांतच कळते. एकाला पत्रे पोचवायची आहेत, दुसऱ्याला कर्ज फेडायचे आहे. त्यामुळे पुढे जे घडते, त्याचा अर्थ लागतो. भटजींची पुरचुंडी लुटली गेली की आपल्या पोटात कालवते, कारण ती रक्कम कशासाठी जमत होती ते आपल्याला ठाऊक असते. आपल्या लेखांत ‘सुट्टी होती म्हणून गेलो’ एवढेच कारण असते. सुट्टीलाही खरे कारण असू शकते. वडिलांना गुडघे थकण्यापूर्वी एकदा बोरोबुदुर दाखवायचे असेल, किंवा नोकरी सुटल्यावर चार दिवस घरातून बाहेर पडायचे असेल. पण ते आपण लिहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशोब. दोघेही पैशाबद्दल मोकळेपणाने लिहितात. दक्षिणा किती मिळाली, कोणी दिली, कशी गेली. आपण मात्र पंचतारांकित हॉटेलाचे वर्णन करतो आणि पैशाचा विषय आला की संकोचतो. वस्तूचा भाव हा इतिहासाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. मंदिराची उंची कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडते. तुम्ही गेलात त्या वर्षी तिथे शहाळे कितीला मिळाले, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

तिसरी गोष्ट भीतीची. अब्दुल्लाला चाच्यांची भीती वाटते आणि तो तसे लिहितो. भटजीही आपण शूर होतो असे कुठे भासवत नाहीत. भ्यालेल्या माणसाच्या डोळ्यांना बारीकसारीक गोष्टी दिसतात, म्हणून त्यांची वर्णने इतकी स्वच्छ उतरली आहेत.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चौथी गोष्ट. दोघांनाही कोणीतरी विचारले होते. नॉर्थसाहेबांनी सुचवले म्हणून अब्दुल्लाचे आयुष्य कागदावर आले. गोडसे भटजी प्रवासाहून परतल्यावर सुमारे दोन तपे गप्पच होते. १८८३ च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी मोडीत ती हकीकत लिहिली. वैद्यांनी विचारले नसते, तर भटजींच्या पश्चात नातवंडांना एवढेच ठाऊक राहिले असते की आजोबा एकदा काशीला जाऊन आले होते.

विचारणारा असला की लिहिणाऱ्याला वाचक सापडतो. आपण कोणाला सांगत आहोत, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे कळते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे १८८८ पर्यंत अमेरिकेत हिंडल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक काढले. प्रवासाला त्यात जागा थोडी आहे. राज्यकारभार, घरे, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांनाच अधिक. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर वाचक होता तो इकडचा. तिकडच्या बायका एकत्र येऊन काय काय करतात, हे त्याला सांगायचे होते. पुढच्या काळात पु. ल. देशपांड्यांनी ‘पूर्वरंग’ लिहिले तेव्हाही आग्नेय आशिया आणि जपान पाहणारा माणूस कुठला, हे ते क्षणभर विसरले नाहीत. घरच्या ओसरीवर बसलेल्या मंडळींना सांगावे तसे ते सांगत गेले. १९६३ पासून ते पुस्तक लोक वाचत आहेत.

विचारणाऱ्यावर मात्र एक जबाबदारी येते, तीही भटजींच्याच पुस्तकाने दाखवून दिली आहे. वैद्यांनी ते हस्तलिखित लगेच छापले नाही. सत्तावनच्या बंडाची हकीकत, राज्य इंग्रजांचे, सरकारची इतराजी ओढवायची. भटजी गेल्यानंतर, १९०७ मध्ये, पुस्तक निघाले तेव्हा वैद्यांनी भाषा सारखी केली होती, मजकुरात फेरफार केले होते. पण एक शहाणपण त्यांनी केले. मूळ मोडी कागद फाडून टाकले नाहीत, ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले. त्यामुळे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना भटजींचे मूळ शब्द छापता आले. हिंदीत अमृतलाल नागरांनी, इंग्रजीत शांता गोखले आणि प्रिया आडारकर यांनी भटजींना नेले आहे. वरसईच्या भिक्षुकाचा प्रवास अजून चालू आहे, तो कागद जपून ठेवल्यामुळे.

मी हे सारे का सांगतो आहे? आपल्या प्रत्येक घरात एक मोठा प्रवास झालेला आहे, आणि त्याविषयी मात्र या अंकाकडे क्वचितच लेख येतो. तो प्रवास म्हणजे आपण इकडे आलो तो. बाली चार दिवसांची. ही यात्रा काहींच्या बाबतीत तीस-चाळीस वर्षांची झाली.

आमच्या परिचयातल्या एक काकू सत्तरच्या दशकाच्या आरंभी इथे आल्या. अंकासाठी त्यांनी काश्मीरवर लेख दिला होता, चांगला होता. मी सहज विचारले, ‘काकू, तुम्ही सिंगापूरला पहिल्यांदा कशा आलात?’ म्हणाल्या, ‘त्यात काय लिहायचंय? सगळेच आले.’ आणि मग दीड तास बोलत होत्या. दादरहून मद्रासपर्यंत आगगाडी, मद्रासहून ‘रजुला’ बोट. कडेवर सहा महिन्यांचे मूल. सामानात पुरणयंत्र आणि सासूबाईंनी बांधून दिलेली भाजणी. बोटीवर मुलाला ताप भरला, तेव्हा शेजारच्या एका तमिळ आजीबाईंनी रात्रभर त्याला मांडीवर घेतले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. इथे आल्यावर टेक्क्याच्या जुन्या बाजारात कोथिंबीर हवी होती, नाव सांगता येईना. शेवटी त्यांनी मराठीतच ‘कोथिंबीर’ म्हटले आणि मलायी बाईने ‘केतुम्बार?’ म्हणून जुडी पुढे केली. दोन्ही शब्द संस्कृत कुस्तुंबरीच्या घराण्यातले. हे काकूंना तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण परक्या गावात पहिल्यांदा कोणाला तरी आपले बोलणे समजले, म्हणून घरी येऊन त्या रडल्या होत्या. त्यांच्या मुलाने, तोच तो सहा महिन्यांचा, हे सगळे त्या दिवशी प्रथम ऐकले. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे.

‘सगळेच आले’ हे काकूंचे म्हणणे खरे. पण म्हणूनच ते कोणी लिहिले नाही. पूर्वी निदान पत्रे होती. निळ्या एरोग्रामवर कडेकडेने बारीक अक्षरात लिहिलेली पत्रे गावाकडच्या ट्रंकांतून कुठे कुठे असतील. मग फोन स्वस्त झाले, पत्रे थांबली. आता फोटो हजारांनी आहेत, पण फोटोतला माणूस त्या क्षणी कशाला घाबरला होता, ते फोटो सांगत नाही. शिवाय आपली मुले देवनागरी अडखळत वाचतात आणि नातवंडे किती वाचतील, ते आपण जाणतोच. त्यांच्यासाठी लिहायचे, तर उशीर करून चालणार नाही.

विचारल्याशिवाय माणसे सांगत नाहीत, हे या देशाच्या सरकारने ओळखले होते. १९७९ पासून सिंगापूरच्या अभिलेखागाराने सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिफितींवर उतरवून घेण्याचे काम हाती घेतले. आपल्या छोट्या समाजापुरते तेच काम आपण आपल्या घरात करू शकतो. त्यासाठी मोठा लेखक असावे लागत नाही. घरातल्या ज्येष्ठाला पुढचे प्रश्न विचारायचे: निघायचे कोणी ठरवले, आणि घरात कोणाचा विरोध होता? तिकिटाचे पैसे कुठून आले? सामानात काय आणले आणि काय मागे ठेवावे लागले? पहिल्या रात्री कुठे झोपलात, काय जेवलात? परत जावे असे पहिल्यांदा कधी वाटले, आणि मग का गेला नाहीत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबायचे, मध्ये बोलायचे नाही.

जे उत्तर येईल, ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचे. आजोबा ‘बोटीत वकाऱ्या काढल्या’ म्हणाले असतील, तर त्याचे ‘समुद्रप्रवासात प्रकृती किंचित बिघडली’ असे करायचे नाही. घरातले भांडण, फसलेला धंदा, कोणाचे तरी उसने आणि न फेडलेले पैसे हे छापायला संकोच वाटेल. ठीक आहे, ते छापू नका. पण वहीत लिहा आणि वही जपा, वैद्यांनी जपली तशी.

पुढच्या दिवाळीच्या अंकात अशा लेखांसाठी आम्ही चार पाने राखून ठेवली आहेत. बाली, बँकॉकचेही लेख अवश्य पाठवा, त्यांना दार बंद नाही. फक्त त्यांतही निघण्याचे खरे कारण लिहा आणि शहाळ्याचा भाव लिहा. ज्यांना मराठीत लिहिणे जड जाते, त्यांनी बोलून ध्वनिमुद्रित करून पाठवावे. ऐकून लिहून काढण्याचे काम माझ्याकडे. आणि ज्या घरांत विचारण्याजोगे आईवडील किंवा आजी-आजोबा सध्या मुक्कामाला आहेत, त्यांनी दिवाळीची वाट न पाहता या रविवारीच त्यांच्यासमोर वही घेऊन बसावे.